टू-फोर-डी : शेतातून पेशीत

२,४-डायक्लोरोफिनॉक्सी ॲसेटिक ॲसिड हे नाव शेतकऱ्याच्या तोंडात कधी बसले नाही. त्याने त्याचे ‘टू-फोर-डी’ केले आणि कृषी सेवा केंद्रातही तेच चालू झाले. गव्हातले, भातातले, उसातले रुंद पानांचे तण मारायचे आणि पिकाला धक्का लावायचा नाही, एवढीच या औषधाची ओळख. ते तण नेमके मारते कसे, याचे उत्तर मात्र औषध बाजारात आल्यानंतर ६० वर्षांनी मिळाले. टू-फोर-डी वनस्पतीच्या पेशीला स्वतःचीच काही ठरावीक प्रथिने मोडायला लावते, असे ते उत्तर होते. हे कळल्यावर चारच वर्षांत जपानमधल्या एका गटाने ती यंत्रणा वनस्पतीतून उचलून यीस्टच्या, कोंबडीच्या आणि माणसाच्या पेशींत बसवली. हवे ते प्रथिन हव्या त्या क्षणी नाहीसे करण्याचे आज जगभर वापरले जाणारे एक साधन असे शेताच्या वाटेने प्रयोगशाळेत आले आहे.

भारतात तणांच्या अभ्यासाचे मुख्य ठिकाण जबलपूर. त्याला कारण आहे. जबलपूर-नरसिंहपूर पट्ट्यातली काळी, भारी जमीन पावसाळ्यात पाय ठेवू देत नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी त्यावर ‘हवेली’ नावाची पद्धत बसवली होती. शेताला चहूबाजूंनी उंच बांध घालायचा, पावसाचे पाणी जागच्या जागी कोंडायचे, सप्टेंबरच्या अखेरीस ते खालच्या शेतात सोडून द्यायचे आणि वाफसा आला की गहू किंवा हरभरा पेरायचा. ओल धरून ठेवणे हा एक हेतू, दुसरा तणाचा. दोन-तीन महिने पाण्याखाली राहिलेले तण कुजून जाई आणि रब्बीची पेरणी स्वच्छ रानात होई. नर्मदेच्या खोऱ्यात कांस गवताने एकदा मुळे धरली की शेत पडीक टाकावे लागे, म्हणून कोंडलेले पाणी हे तिथले पहिले तणनाशक होते. पुढे खरिपात सोयाबीन आणि धान आले. सोयाबीनच्या भारतातल्या सुरुवातीच्या प्रयोगांत, पंतनगरबरोबर, १९६४ साली स्थापन झालेल्या जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा मोठा वाटा होता. खरिपात पीक उभे म्हटल्यावर पाणी कोंडायचे कुठे? हवेली आक्रसली आणि तण मोकळे सुटले.

१९७८ साली अमेरिकी कृषी खात्याच्या सहकार्याने तणनियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला होता. १९८९ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने जबलपूरला राष्ट्रीय तणविज्ञान संशोधन केंद्र उघडले. २००९ साली त्याला निदेशालयाचा दर्जा मिळाला आणि त्याचे आजचे हिंदी नाव ‘खरपतवार अनुसंधान निदेशालय’ असे आहे. मराठी वाचकाला ते आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. पन्नाशीच्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजर गवत देशभर पसरल्यावर त्याच्याविरुद्धची मोहीम जबलपूरहून चालते. दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजर गवत जागृती सप्ताह होतो आणि हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगे तिथे वाढवून वाटले जातात. टू-फोर-डीचा शोध मात्र जबलपूरचा नाही. इथे त्याची मात्रा ठरली, वेळ ठरली आणि मर्यादा मोजली गेली. शोधाची गोष्ट जबलपूरच्या केंद्राच्या सुमारे १०० वर्षे आधी, इंग्लंडमधल्या एका घरात सुरू होते.

उतारवयात चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी अंधाऱ्या खोलीत गवताचे कोंब उगवून एका बाजूने उजेड दाखवला. कोंब उजेडाकडे वाकत. टोकावर काळी टोपी घातली की वाकत नसत; पण टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकला तर वाकत. म्हणजे उजेड टोकाला ‘दिसतो’ आणि वाकतो मात्र खालचा भाग. मधे काहीतरी निरोप जात असला पाहिजे. हे निरीक्षण १८८० साली पुस्तकात आले. त्यांनी वापरलेले गवत फॅलॅरिस प्रजातीतले होते. मध्य प्रदेशात गव्हाच्या शेतात ‘गेहूं का मामा’ म्हणून जे उपद्रवी तण ओळखले जाते ते याच प्रजातीतले, डार्विनच्या गवताचे सख्खे भावंड. लांबून पाहिले तर ते आणि गहू यांत फरक कळत नाही. लोंबी बाहेर पडते तेव्हा वेळ गेलेली असते.

निरोप म्हणजे रसायन, हे नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या फ्रिट्स वेंट यांनी १९२६ ते १९२८ या काळात दाखवले. ओटच्या कोंबांची टोके कापून त्यांनी अगारच्या पातळ तुकड्यावर ठेवली, मग टोके फेकून दिली आणि नुसता अगारचा चौकोन बिनटोकाच्या कोंबावर एका कडेला बसवला. अंधारातच कोंब दुसऱ्या कडेला वाकला. टोकातले काहीतरी अगारात उतरले होते. ग्रीकमधल्या ‘वाढणे’ या क्रियापदावरून त्याला ऑक्झिन म्हटले गेले. ते शुद्ध रूपात हाती लागले तो प्रसंग काहीसा गमतीचा आहे. उट्रेक्टलाच फ्रिट्स कोगल यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या मूत्रातून १९३४ साली इंडोल ॲसेटिक आम्ल वेगळे काढले आणि वनस्पतीचे मुख्य ऑक्झिन तेच ठरले. वनस्पतीच्या संप्रेरकाचा पत्ता असा माणसाच्या मूत्रातून लागला.

यानंतर रसायनशास्त्रज्ञ ऑक्झिनसारखे वागणारे पदार्थ बनवू लागले. थोडी मात्रा दिली की मुळे फुटत, फळे धरत. जास्त दिली की रोप वेडेवाकडे वाढून मरत असे. मरणारी रोपे निवडक आहेत, म्हणजे रानमोहरी मरते आणि शेजारचा ओट उभा राहतो, हे इंग्लंडमध्ये १९४० च्या सुमारास लक्षात आले. दुसरे महायुद्ध चालू होते. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी हे संशोधन केले आणि शत्रूची पिके जाळण्यासाठीही ते उपयोगी पडेल म्हणून बरेचसे गुप्त ठेवले गेले. टू-फोर-डी बनवण्याची रीत १९४१ साली छापून आली होती. १९४४ साली हॅमनर आणि ट्युकी यांनी ते चांदवेलीवर मारून पाहिले. ही तीच वेल, जी जबलपूरकडे ‘हिरनखुरी’ या नावाने गव्हाला विळखा घालते. खुरप्याने वरून कापली तर खालच्या मुळांतून परत फुटते. टू-फोर-डी पानांतून मुळापर्यंत उतरले आणि वेल मुळासकट गेली. १९४५ पासून औषध अमेरिकेत विकले जाऊ लागले.

भारतात रासायनिक तणनियंत्रणाचा पहिला पद्धतशीर प्रयत्न १९३७ चा. पंजाबात रानटी करडईवर सोडियम आर्सेनाइट फवारले गेले. ते सोमलाचेच भावंड, समोर येईल त्याला मारणारे. टू-फोर-डीची इथली पहिली चाचणी १९४६ सालची. दोहोंमधला फरक काय होता ते गव्हाच्या शेतात उभे राहिल्यावर कळते. पेरणीनंतर महिना-पाच आठवड्यांनी, हेक्टरी सुमारे अर्धा किलो क्रियाशील घटक पडेल अशा बेताने फवारणी होते. गव्हात बथुआ असतो. हा आपला चाकवत. ताकातल्या भाजीत तो हवा, गव्हात नको. फवारणीनंतर काही तासांतच त्याची पाने खाली कलतात, देठ पीळ घालतात. दोन-चार दिवसांत खोड वळून जाड होते, भेगाळते, शेंडा आकड्यासारखा वाकतो. मग पिवळा पडतो, वाळतो. गहू शेजारी तसाच उभा. मात्र फवारणी घाईने, फुटवे येण्याआधी केली तर गव्हाची ओंबीही वेडीवाकडी निघते, म्हणून वेळेला एवढे महत्त्व.

विदर्भातल्या कापूसवाल्याला हे औषध दुसऱ्या बाजूने माहीत आहे. कपाशी टू-फोर-डीला कमालीची हळवी. शेजारच्या शेतातून वाऱ्यावर आलेले तुषार, किंवा तणनाशक मारलेला पंप नीट न धुता त्याच पंपाने मारलेले कीटकनाशक, एवढ्याने नवी पाने अरुंद, बोटे फुटल्यासारखी, अगदी भेंडीच्या पानासारखी येतात. शेतकरी रोग समजून आणखी औषधे मारत बसतो. सोयाबीनही रुंद पानांचेच, त्यामुळे त्यातही हे औषध चालत नाही.

युद्धाचा डाग या औषधाला पुढे लागलाच. व्हिएतनामच्या जंगलांवर अमेरिकेने साठच्या दशकात फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’मध्ये निम्मे टू-फोर-डी होते. त्यातले भयंकर डायॉक्झिन मात्र जोडीच्या २,४,५-टी या रसायनाबरोबर आले होते.

एवढे सगळे होऊनही मूळ प्रश्न जागेवरच होता. ऑक्झिन पेशीत शिरल्यावर कोणाशी बोलते? ते पेशीची भित्तिका सैल करते, काही मिनिटांत ठरावीक जनुके जागी करते, हे दिसत होते. पण निरोप घेणारा सापडत नव्हता. तो सापडला नाही याचे एक कारण असे की शोध चुकीच्या घरात चालला होता. पेशीच्या पडद्यावर बसलेले, संप्रेरक आले की आत घंटा वाजवणारे ग्राही प्राण्यांत सापडले होते. वनस्पतीतही तसेच असेल असे गृहीत धरले गेले. खरा ग्राही पेशीच्या प्रथिने मोडणाऱ्या खात्यात होता आणि त्या खात्याची नीट ओळख व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

प्रथिने एकदा घडली की टिकतात, झीज तेवढी भरून निघते, असा समज १९३० च्या दशकापर्यंत होता. रुडॉल्फ शोनहायमर यांनी जड नायट्रोजन घातलेले अन्न उंदरांना देऊन तो मोडला; शरीरातली प्रथिने अखंड मोडत आणि घडत असतात. १९५३ साली मेल्विन सिम्प्सन यांना आढळले की पेशीला प्रथिने मोडायलाही ऊर्जा लागते. हे कोडेच होते, कारण पोटातले अन्न पचवणाऱ्या विकरांना ऊर्जा लागत नाही. उतारावरून दगड ढकलायला इंधन कशाला? इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले ॲव्रम हर्शको, त्यांचे विद्यार्थी ॲरन सिकॅनोव्हर आणि फिलाडेल्फियाचे अर्विन रोझ यांनी सशाच्या अपक्व लाल पेशींचा अर्क घेऊन १९७८ ते १९८० या काळात ते सोडवले. मोडायच्या प्रथिनाला पेशी आधी खूण लावते. ती खूण म्हणजे ७६ अमिनो आम्लांचे युबिक्विटिन हे छोटे प्रथिन. ते एकामागोमाग चिकटत गेले की साखळी बनते आणि साखळी लागलेले प्रथिन प्रोटिअसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात ओढले जाऊन तुकडे तुकडे होते. ऊर्जा लागते ती निवड करण्यासाठी. खूण लावायला तीन प्रकारचे विकर एकापाठोपाठ काम करतात आणि कोणाला लावायची हे तिसरा ठरवतो. माणसाच्या पेशीत अशा तिसऱ्या प्रकारचे सुमारे ६०० विकर आहेत. हर्शको, सिकॅनोव्हर आणि रोझ यांना या कामासाठी २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रथिनाच्या ज्या तुकड्यावरून ते मोडायचे हे ओळखले जाते, त्याला अलेक्झांडर वार्शाव्हस्की यांनी ‘डेग्रॉन’ असे नाव दिले.

वनस्पतीची गोष्ट या गोष्टीला येऊन मिळाली ती टू-फोर-डीमुळेच. मार्क एस्टेल आणि ख्रिस सॉमरव्हिल यांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या रोपाच्या, उत्परिवर्तन घडवलेल्या असंख्य बिया टू-फोर-डी घातलेल्या अगारवर पेरल्या. जी रोपे मेली नाहीत ती वेगळी काढली. ही रोपे १९८७ साली जाहीर झाली. जगलेल्या रोपात बिघडलेले जनुक कोणते हे शोधले की औषधाची वाट कळते, असा साधा हिशेब होता. एस्टेल यांच्या प्रयोगशाळेत ऑटोलिन लेझर यांनी १९९३ साली त्यातले पहिले जनुक ओळखले, आणि ते निघाले युबिक्विटिनच्या पहिल्या विकराच्या नात्यातले. तणनाशकाचा धागा ओढला तर त्याच्या दुसऱ्या टोकाला सशाच्या रक्तपेशींतले यंत्र! पाच वर्षांनी टीआयआर-१ हे प्रथिन हाती आले. हा खूण लावणाऱ्या तिसऱ्या विकराचा, निवड करणारा भाग. २००१ साली स्पष्ट झाले की ऑक्झिन आले की ‘ऑक्स-आयएए’ नावाची प्रथिने झपाट्याने मोडली जातात. ही प्रथिने वाढीच्या जनुकांवर बसवलेली कुलुपे आहेत. कुलूप मोडले की जनुक चालू.

तरीही ऑक्झिनचा ग्राही वेगळाच कुठेतरी असेल, असेच बहुतेकांना वाटत होते. २००५ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन लेख आले. एक निहाल धर्मसिरी, सुनेत्रा धर्मसिरी आणि एस्टेल यांचा. दुसरा यॉर्क विद्यापीठातल्या स्टीफन केपिन्स्की आणि लेझर यांचा. दोघांचे उत्तर एकच होते. टीआयआर-१ हाच ग्राही. मधे कोणी निरोप्या नाही. दोन वर्षांनी सिएटलच्या निंग झेंग यांच्या गटाने स्फटिकातून त्याची रचना पाहिली तेव्हा आणखी साधी गोष्ट दिसली. टीआयआर-१ च्या पृष्ठभागावर एक खळगा आहे. ऑक्झिन त्याच्या तळाशी बसते आणि कुलूप-प्रथिनाचा डेग्रॉन वरून झाकणासारखा बसतो. ऑक्झिन नसले तर खळग्याच्या तळाशी पोकळी राहते आणि झाकण धरत नाही. इंडोल ॲसेटिक आम्लाऐवजी टू-फोर-डी ठेवले तरी ते त्याच खळग्यात जाऊन बसते. या गटाने त्याला ‘रेण्वीय डिंक’ म्हटले.

मग चाकवताच्या मरणाचाही अर्थ लागला. नैसर्गिक ऑक्झिन काम झाले की पेशी मोडून टाकते. टू-फोर-डी रुंद पानांच्या वनस्पतीला तितक्या सहज मोडता येत नाही. कुलुपे तुटतच राहतात, वाढीची जनुके थांबत नाहीत, त्या गोंधळात इथिलीन आणि पुढे ॲब्सिसिक आम्ल वाढते, पानांची रंध्रे मिटतात आणि रोप संपते. पीळ, जाड खोड, आकडा हे सगळे त्या गोंधळाचे बाहेरून दिसणारे रूप. गहू आणि भात वाचतात ते त्यांच्याकडे हा ग्राही नाही म्हणून नव्हे. ग्राही त्यांच्याकडेही आहे. पण ते औषध चटकन निकामी करतात आणि त्यांच्या अंगात ते फार दूर पसरत नाही.

हा बारकावा महत्त्वाचा, कारण पुढच्या शोधात भाताचाच ग्राही कामी आला.

पेशीतले एखादे प्रथिन काय काम करते हे कळायचा जुना मार्ग म्हणजे ते काढून टाकून काय बिघडते ते पाहणे. जनुकच काढले तर जगण्याला आवश्यक प्रथिनांच्या बाबतीत पेशीच मरते, मग पाहायचे काय? आरएनए अडवण्याची रीत १९९८ नंतर हाती आली. पण ती नवे प्रथिन बनणे थांबवते, आधीच बनलेले तसेच राहते. ते झिजून जायला दिवस लागतात आणि तेवढ्यात पेशी दुसरी तजवीज करून घेते. पंखा का चालत नाही हे पाहायला वायरिंग काढून आठवडाभर थांबण्यासारखे. वार्शाव्हस्की यांच्या गटाने १९९४ साली तापमान ३७ अंशांवर नेले की मोडणारा डेग्रॉन यीस्टमध्ये तयार केला होता. अडचण अशी की उष्णतेने पेशीत इतरही शंभर गोष्टी हलतात.

सुरुवातीला उल्लेखलेल्या जपानमधल्या गटाचे मासातो कानेमाकी हे तेव्हा ओसाका विद्यापीठात होते. त्यांनी वनस्पतीच्या यंत्रणेकडे वेगळ्या नजरेने पाहिले. खूण लावणाऱ्या विकराचे बाकी भाग यीस्टपासून माणसापर्यंत सगळीकडे सारखेच आहेत. नाही तो फक्त टीआयआर-१. आणि प्राण्यांच्या पेशींत ऑक्झिनचे संप्रेरक म्हणून काही काम नाही, म्हणजे ते घातले तरी दुसरे काही हलू नये. तेव्हा टीआयआर-१ चे जनुक पेशीत घालायचे, ज्या प्रथिनात रस आहे त्याच्या टोकाला ऑक्स-आयएए प्रथिनाचा डेग्रॉन जोडायचा आणि ऑक्झिनचे थेंब टाकायचे. अरॅबिडॉप्सिसचा टीआयआर-१ यीस्टमध्ये चालला, पण सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढतात त्या ३७ अंशांना तो टिकेना. हे रोप थंड हवेचे. मग उष्ण प्रदेशात चिखलात उभ्या राहणाऱ्या भाताचा टीआयआर-१ घेतला आणि काम झाले. कोहेई निशिमुरा, तात्सुओ फुकागावा आदींसह कानेमाकींचा लेख २००९ साली ‘नेचर मेथड्स’मध्ये आला.

प्रयोग दिसायला अगदी साधा असतो. पेशींच्या ताटलीत ऑक्झिन टाकायचे आणि ठरावीक मिनिटांनी थोड्या थोड्या पेशी काढून त्यातली प्रथिने जेलवर धावायला लावायची. शून्य मिनिटाला प्रथिनाची काळी, ठसठशीत रेघ. १५ मिनिटांनी ती फिकी. अर्ध्या-पाऊण तासाने रेघेच्या जागी कोरा कागद. शेजारच्या, खूण नसलेल्या प्रथिनाची रेघ मात्र जशीच्या तशी. ऑक्झिन धुऊन काढले की पेशी पुन्हा प्रथिन बनवते आणि रेघ परत उमटते. जनुक काढून टाकणाऱ्याला ही परतीची वाट कधीच नव्हती.

या साधनाने मिळालेल्या उत्तरांपैकी एक विशेष उल्लेखावे असे. माणसाच्या पेशीत दोन मीटर लांबीचा डीएनए फासे घालून केंद्रकात मावलेला असतो. कोहेसिन नावाचे कड्यासारखे प्रथिन हे फासे धरते असा अंदाज होता. पण कोहेसिन नसेल तर पेशी विभागतच नाही, मग तपासायचे कसे? सुहास राव, एरेझ लीबरमन एडन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली कोहेसिनच्या आरएडी-२१ या घटकाला डेग्रॉन जोडून ६ तास ऑक्झिन दिले. त्याने धरलेले फासे सगळे सुटले. ऑक्झिन काढल्यावर ते पुन्हा पडले. आणि गंमत म्हणजे एवढी घडी विस्कटूनही त्या थोड्या तासांत बहुतेक जनुकांच्या कामात फारसा फरक पडला नाही, जे कोणालाच अपेक्षित नव्हते. गोलकृमीत हे साधन २०१५ साली आले. त्याच वर्षी निशा फिलिप आणि अँड्र्यू वॉटर्स यांनी उंदरांतल्या हिवतापाच्या परजीवीत कॅल्सिन्युरिन हे प्रथिन वेगवेगळ्या टप्प्यांवर मोडून परजीवीला ते उंदरात आणि डासात कुठे लागते ते दाखवले.

दोष होतेच. मूळ पद्धतीत ऑक्झिन न देताही प्रथिन थोडे थोडे गळत असे, आणि मात्रा इतकी लागे की उंदरासारख्या प्राण्यात ती झेपत नसे. त्यावरचा उपायही पुन्हा वनस्पतींच्या अभ्यासातूनच आला. केइको तोरी यांच्या गटाने २०१८ साली टीआयआर-१ चा खळगा थोडा मोठा केला आणि त्यात बसेल असे फुगीर ऑक्झिन बनवले, जेणेकरून दोघांचा मेळ फक्त एकमेकांशीच जमावा. कानेमाकींनी हीच कल्पना भाताच्या ग्राहीवर वापरून २०२० साली सुधारित पद्धत दिली. गळती थांबली, मात्रा शेकडो पटींनी खाली आली आणि जिवंत उंदरातही प्रथिन मोडता आले.

हे साधन औषध मात्र नव्हे, आणि वर्तमानपत्रांत दोहोंची गल्लत होते. रोग्याच्या पेशीत ना टीआयआर-१ असतो, ना नको असलेल्या प्रथिनाला डेग्रॉन जोडलेला. औषधाची वाट वेगळी. क्रेग क्रूज आणि रेमंड देशाईस यांनी २००१ साली एका टोकाने खूण लावणारा विकर आणि दुसऱ्या टोकाने सावज धरणारा रेणू बनवला. १९६१ साली बाजारातून काढून घेतलेले कुप्रसिद्ध थॅलिडोमाइडही पेशीत टू-फोर-डीसारखेच डिंक म्हणून वागते. ते ज्याला चिकटते ते प्रथिन जपानमधल्या हिरोशी हांडा यांच्या गटाला २०१० साली सापडले. दोन्ही रसायने आधी जगभर वापरली गेली, कारण मागाहून कळले.

शेतात मात्र तण बसून राहिलेले नाही. नुसते टू-फोर-डी वर्षानुवर्षे मारत राहिले की रुंद पानांचे तण हटते आणि त्या जागी ‘गेहूं का मामा’, जंगली ओट यांसारखी गवते माजतात, कारण गव्हाप्रमाणे तीही या औषधाला दाद देत नाहीत. म्हणून गव्हात आता रुंद पानांचे आणि गवतवर्गी असे दोन्ही तण मारणाऱ्या औषधांची जोडी वापरण्याकडे कल आहे. रुंद पानांच्या तणांतही प्रतिकार आला आहे. ऑस्ट्रेलियातल्या शेतांत सिसिम्ब्रियम ओरिएंटाले हे मोहरीच्या कुळातले, म्हणजे अरॅबिडॉप्सिसच्या घराण्यातले तण टू-फोर-डीला जुमानेनासे झाले. कारण काय ते २०२२ साली कळले. त्याच्या एका ऑक्स-आयएए प्रथिनातली नऊ अमिनो आम्ले गळून गेली होती, आणि ती त्या प्रथिनाच्या डेग्रॉनच्या शेपटीतली होती.